गर्भस्थ बाळाच्या रक्तवाहिन्या आणि आपले कर्तव्य

घरात पाळणा हलावयास अजून आठ महिने अवकाश असतो. सुनेस दिवस गेले आहेत ही वार्ता शेजारीपाजारी पोहोचलेलीही नसते. आणि तेवढ्यातच मातेच्या उदरात एक चिमुकले हृदय आपल्या कामास लागलेले असते. गर्भधारणेपासून सुमारे २२ व्या दिवशी ते धडधडू लागते, आणि तेव्हापासून मनुष्य शेवटचा श्वास घेईपर्यंत त्यास विसावा नाही. हे हृदय ज्या नळ्यांतून रक्त फिरविते त्या रक्तवाहिन्यांविषयी, आणि त्या वाहिन्यांतील दोष आता जन्मापूर्वीच पाहता येतात ह्या गोष्टीविषयी, आज वाचकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय वैद्यकाचा आहे. त्यात धर्मगुरूने का पडावे, असे कोणी विचारील. कारण असे की, सोनोग्राफीचा कागद हाती घेऊन पुष्कळ कुटुंबे डॉक्टरांकडून निघतात ती सरळ चर्चच्या दारी येतात. कागदावर इंग्रजीत काही लिहिलेले असते. डॉक्टरांनी घाईघाईत दोन वाक्ये सांगितलेली असतात. आणि गावी पोहोचेपर्यंत त्या दोन वाक्यांच्या दहा कथा झालेल्या असतात. घरातील एखादी वडीलधारी बाई म्हणते, "आमच्या वेळी कुठे होती ही यंत्रे? देवाने दिले ते पदरी घ्यावे, आत डोकावू नये." उलट शहरातील एखादा नातलग फोनवरून सल्ला देतो, "बाळात दोष आहे ना? मग मोकळे व्हा, पुढच्या खेपेस पाहू."

दोघेही आपापल्या परीने कुटुंबाचे हितच पाहत असतात. परंतु ह्या दोन्ही सल्ल्यांनी बाळ दगावू शकते. ह्या दोहोंच्या मध्ये तिसरी एक वाट आहे. वेळेवर पाहावे, आणि जे दिसेल त्यावरून बाळाच्या रक्षणाची तयारी करावी. ती वाट किती उजळ आहे हे आमच्या कुटुंबांस अद्याप पुरेसे ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

उदरातील रक्ताची वाट

बाळ उदरात असता त्यास स्वतःचा श्वास नसतो व स्वतःचे अन्नही नसते. दोन्ही गोष्टी त्यास वारेतून मिळतात. वार आणि बाळ ह्यांना जोडणारी जी नाळ, तिच्यात तीन वाहिन्या असतात: दोन रोहिणी व एक नीला. शाळेत आपण शिकलो की रोहिणीत शुद्ध रक्त असते व नीलेत अशुद्ध. नाळेत नेमके ह्याच्या उलट असते. वारेतून प्राणवायू व पोषण घेऊन येते ती नीला, आणि वापरलेले रक्त वारेकडे परत नेतात त्या दोन रोहिणी. ह्या तिन्ही वाहिन्यांभोवती एक चिकट, लवचीक गर असतो. त्यामुळे बाळाने कितीही कोलांट्या मारल्या तरी त्या सहसा दाबल्या जात नाहीत.

बाळाच्या शरीरातही रक्ताची वाट आपल्याहून निराळी असते. नवा मळा पाण्याखाली आणताना शेतकरी, जो वाफा अद्याप पेरलेला नाही त्याचे तोंड मातीने बंद करितो आणि पाणी बाजूच्या चरातून पुढच्या वाफ्यास नेतो. तद्वत् बाळाची फुप्फुसे अजून कामास लागलेली नसल्यामुळे त्यांच्याकडे थोडेसेच रक्त जाते. बाकीचे रक्त पुढे नेण्यासाठी हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास एक झडपेसारखे छिद्र असते, आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिणींस जोडणारी एक आखूड नळीही असते. बाळ जन्मास येऊन पहिला टाहो फोडते तेव्हा फुप्फुसे उघडतात, नाळ कापली जाते, पडद्यावरील झडप मिटते, आणि ती आखूड नळीही पहिल्या दोन-तीन दिवसांत सामान्यतः बंद होते. इतका मोठा पालट इतक्या थोड्या वेळात मनुष्याच्या आयुष्यात पुन्हा कधी होत नाही.

ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुष्कळ दोष असे आहेत की, ते उदरात असता बाळास यत्किंचितही त्रास देत नाहीत, कारण तेथे वार सर्व भार वाहते. तो दोष बाधतो तो नाळ कापल्यानंतर, किंवा ती आखूड नळी मिटल्यानंतर. म्हणून बाळ कोठे जन्मते व त्या वेळी जवळ कोण असते, ह्यावर त्याचे प्राण अवलंबून राहतात.

यंत्राची कथा

स्कॉटलंडमधील ग्लासगो हे जहाजे बांधणाऱ्यांचे शहर. तेथे इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगांचे प्राध्यापक होते. लोखंडी पत्र्याच्या आत तडा आहे की काय हे पाहण्यासाठी कारखान्यांत ध्वनिलहरी वापरतात, हे त्यांस ठाऊक होते. १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन ते जवळच्या रेनफ्रू गावी बॉयलर तयार करणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि त्या यंत्राने ह्या गाठी तपासल्या. निरनिराळ्या गाठींतून निरनिराळा प्रतिध्वनी येत होता. पुढे टॉम ब्राउन हे तरुण इंजिनियर व जॉन मॅकव्हिकार हे डॉक्टर त्यांस मिळाले. ७ जून १९५८ रोजी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजच्या सोनोग्राफीचा आरंभ तेथून मानितात.

ह्या यंत्रात क्ष-किरण नाहीत. मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा, दर सेकंदास लक्षावधी कंपने असलेला ध्वनी आत सोडला जातो आणि त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर चित्ररूपाने उमटतो. वैद्यकीय कारणासाठी व जाणत्या हातांनी केलेली ही तपासणी बाळास अपायकारक असल्याचे आजवर आढळलेले नाही. डोनाल्ड हे कॅथलिक नव्हते. परंतु १९६७ च्या ब्रिटिश गर्भपात-कायद्यास विरोध करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ज्याने उदरातील बाळ जगास दाखविले त्याला ते बाळ रुग्णच वाटत होते, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्त वाहताना दिसावे ह्यासाठी आणखी एका माणसाच्या शोधाची गरज होती. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे १८०३ साली एका पाथरवटाच्या घरी जन्मलेले क्रिस्टियान डॉप्लर ह्यांनी १८४२ साली प्राग येथे ताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. एस. टी. गाडी हॉर्न वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा तो आवाज चढा वाटतो आणि ती पुढे निघून गेली की उतरतो. हेच ते तत्त्व. रक्त यंत्राकडे येते की यंत्रापासून दूर जाते हे त्यावरून कळते, आणि पडद्यावर एकास तांबडा व दुसऱ्यास निळा रंग दिला जातो. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. तांबडे म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध असा त्याचा अर्थ नाही. पडद्यावर निळे दिसले म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

दोनच वाहिन्यांची नाळ

आता दोषांकडे वळू. सर्वांत अधिक वेळा आढळणारा व सर्वांत अधिक भीती उत्पन्न करणारा प्रकार म्हणजे नाळेत तीनऐवजी दोनच वाहिन्या असणे, अर्थात एक रोहिणी कमी असणे. सुमारे १०० ते २०० गर्भवतींमागे एकीच्या बाबतीत असे आढळते. कागदावर ते शब्द वाचून घरात रडारड होते, आणि "अर्धीच नाळ आहे" अशी वदंता गावभर पसरते.

वस्तुस्थिती अशी आहे की, दुसरा कोणताही दोष सोबत नसेल तर अशी बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. एका रोहिणीने दोघींचे काम केलेले असते. मात्र ही खूण दिसल्यावर डॉक्टरांनी बाळाचे हृदय व मूत्रपिंडे अधिक बारकाईने पाहावीत, आणि शेवटच्या महिन्यांत वाढ नीट होते आहे की नाही हे तपासीत राहावे, एवढे आवश्यक असते. एवढ्या कारणावरून बाळाचा जीव घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सल्ला वैद्यकशास्त्राच्याही बाहेरचा आहे हे निःशंकपणे जाणावे.

वाटेत आलेल्या वाहिन्या

दुसरा प्रकार विरळ, परंतु अतिशय घातक आहे. त्याचे नाव लॅटिन आहे: 'व्हासा प्रेव्हिया'. व्हासा म्हणजे वाहिन्या, आणि प्रेव्हिया म्हणजे वाटेत आडव्या आलेल्या. सामान्यतः नाळ वारेच्या मध्यभागी रुजलेली असते. क्वचित ती वारेच्या कडेपलीकडे, पाणमोटेच्या पातळ पडद्यात रुजते. किंवा वारेचे दोन तुकडे असतात व त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या त्या पडद्यातून धावतात. तेथे त्यांभोवती तो संरक्षक गर नसतो. अशा उघड्या वाहिन्या जर गर्भाशयाच्या मुखावरून गेलेल्या असतील, तर पाणमोट फुटते त्याच क्षणी त्याही फाटू शकतात. सुमारे २५०० बाळंतपणांत एखादे वेळी असे होते.

ह्यात रक्त जाते ते आईचे नव्हे, बाळाचे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त किती असते? सुमारे पाव लिटर. पाणी पिण्याचा एक पेला भरेल इतके. त्यातील अर्धा पेला गेला तर बाळ राहत नाही. आईला वेदना नसते, अंगावरून थोडे रक्त गेलेले दिसते, आणि सुईण अथवा नर्स काय झाले हे ओळखण्यापूर्वीच सर्व संपलेले असते. पूर्वी आमच्या गावांतून "पाणमोट फुटली आणि मूल मेलेले उपजले" अशा ज्या हकिकती ऐकू येत, त्यांतील काही ह्याच कारणाच्या असाव्यात. त्या मातांच्या माथी मात्र ग्रहण पाळले नाही, विळी हाती घेतली, असले दोष मारले गेले.

आता दुसरी बाजू पाहा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १५५ गर्भवतींची हकिकत एकत्र केली होती. ज्यांच्या बाबतीत हा दोष आधी ओळखला गेला होता, त्यांची १०० पैकी ९७ बाळे जगली. ज्यांच्या बाबतीत तो आधी कळला नव्हता, त्यांची १०० पैकी अवघी ४४. दोष तोच, फरक होता तो आधी पाहण्याचा.

उपाय काय केला जातो? औषध असे काहीच नाही. पाचव्या महिन्याच्या तपासणीत डॉप्लरच्या साहाय्याने वाहिनी दिसली तर सुमारे ३२ व्या आठवड्यात पुन्हा पाहतात. कारण गर्भाशय वाढत जाताना कित्येकींच्या बाबतीत ती मुखापासून दूर सरकलेली आढळते. ती तेथेच असेल, तर आईने रुग्णालयाच्या जवळ अथवा रुग्णालयातच राहावयाचे असते. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शन देतात, आणि कळा येण्यापूर्वीच, ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान, सिझेरियन करून बाळ सुखरूप बाहेर काढतात. ज्यांची वार खाली आहे, ज्यांच्या वारेचे दोन भाग आहेत, ज्यांस जुळे आहे, किंवा ज्यांस कृत्रिम उपायांनी गर्भ राहिला आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे विशेष करून पाहावयाचे असते.

मोठ्या रोहिणींची अदलाबदल

तिसरा प्रकार हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिणींचा. उजवीकडून निघणारी फुप्फुसांकडे जावी व डावीकडून निघणारी सर्व शरीराकडे, अशी देवाने घातलेली व्यवस्था आहे. सुमारे ३००० ते ४००० बाळांत एकाच्या बाबतीत ह्या दोन्ही एकमेकींच्या जागी असतात. मग शुद्ध रक्त फुप्फुसांतच फिरत राहते आणि अशुद्ध रक्त शरीरात.

उदरात ह्याने काही बिघडत नाही. बाळ गुटगुटीत जन्मते, रडते, सर्वांस आनंद होतो. पुढे ती आखूड नळी मिटू लागली की ओठ निळे पडतात, आणि काही तासांत अथवा दिवसांत ते हातचे जाते. खानापूर तालुक्यातील एखाद्या डोंगराळ वाडीतून बेळगावास, किंवा सत्तरीतील गावातून बांबोळीस, भर पावसात निळे पडलेले मूल घेऊन निघणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर बाळाच्या छातीच्या वरच्या भागात तीन वाहिन्या एका ओळीत दिसतात की नाही ते पाहतात. त्यांची ओळ, आकार अथवा दिशा चुकलेली दिसली की पुढील तपासणी होते. असे बाळ जन्मताच, नळी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देतात. जरूर पडल्यास पडद्यातील छिद्र फुग्याने मोठे करितात. ही रीत विल्यम रॅशकिंड ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ साली दाखविली. त्यानंतर दोन्ही रोहिणी कापून आपापल्या योग्य जागी जोडतात. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ब्राझीलचे आदिब जातेने ह्यांनी १९७५ साली केली. आज बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद येथील मोठ्या रुग्णालयांत ती होते.

आधी कळल्याने काय साधते ते पॅरिस येथील डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले. ज्या २५० बाळांचा हा दोष जन्मानंतर कळला, त्यांपैकी १५ शस्त्रक्रियेची वेळ येण्यापूर्वीच दगावली. ज्या ६८ बाळांचा तो उदरातच ओळखला गेला होता, त्यांपैकी शस्त्रक्रियेपूर्वी एकही दगावले नाही.

उदरातच केलेला उपचार

ह्याहून पुढची एक घटना सांगावीशी वाटते. गेलन ह्या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी एक नीला मेंदूच्या खोल भागात असते. क्वचित प्रसंगी तेथे रोहिणींचे रक्त सरळ नीलेत कोसळते. त्या जोराने नीला फुगते आणि जन्मानंतर बाळाच्या हृदयावर व मेंदूवर असह्य भार पडतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी, ३४ आठवडे पूर्ण झालेल्या एका गर्भस्थ बालिकेवर ह्यासाठी उदरातच उपचार करण्यात आला. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टरांनी आईच्या पोटातून व गर्भाशयातून बाळाच्या डोक्यातील त्या नीलेपर्यंत सुई नेली आणि बारीक तारेची वेटोळी आत सोडून तो वाहता ओघ आवरला. दोनच दिवसांनी बालिका जन्मली. तीस हृदयाच्या औषधांची गरज लागली नाही, आणि काही आठवड्यांनी ती घरी गेली. हा उपचार तेव्हा प्रयोगावस्थेत होता. तरी उदरातील बाळाकडे रुग्ण म्हणून पाहिले की मनुष्याची बुद्धी कोठवर पोहोचू शकते, ह्याची ती साक्ष आहे.

पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण

आता मुख्य प्रश्न. कॅथलिक मातेने अशी तपासणी करून घ्यावी काय? ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. १९८७ साली रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने 'डोनुम व्हिटे' ह्या सूचनापत्राद्वारे, आणि १९९५ साली संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी आपल्या परिपत्राद्वारे, ते दिलेले आहे. जी तपासणी बाळाच्या जीविताचा व शरीराचा मान राखते आणि त्याचे रक्षण अथवा उपचार ह्यांसाठी केली जाते, ती योग्य आहे. दोष आढळल्यास त्याचा अंत करावयाचा असा संकल्प मनात ठेवून केलेली तपासणी हे गंभीर पाप आहे. यंत्र तेच, टेबल तेच, डॉक्टर तेच. भेद आहे तो आपल्या हेतूत.

म्हणून "देवाने दिले ते घ्यावे, आत डोकावू नये" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, त्यांची श्रद्धा खरी आहे, परंतु अनुमान चुकते आहे. पाऊस देवाच्या हाती आहे हे शेतकरी मानितो, तरी मिरगापूर्वी बांध तपासून फुटलेल्या जागी माती घालतो. त्यात त्याचा अविश्वास कोणी पाहत नाही. देवाने दिलेले मूल घ्यावयाचे म्हणजे ते जिवंत राहील अशा रीतीने घ्यावयाचे.

दुसऱ्या पक्षास आमचे सांगणे अधिक कठोर आहे. आपल्या देशात १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ साली दुरुस्त झाला, आणि गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा मिळाली. परंतु मुभा म्हणजे सक्ती नव्हे. त्याच कायद्याप्रमाणे त्या स्त्रीच्या स्वतःच्या संमतीवाचून कोणीही गर्भपात करू शकत नाही. नवरा नाही, सासरा नाही, डॉक्टरही नाही. "तुम्ही सही करा, बाकी आम्ही पाहतो" असे कोणी म्हणाले, तर आमच्या भगिनींनी हात मागे घ्यावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत विचारावे. वर सांगितलेल्या दोषांपैकी कित्येकांवर उपाय आहे, आणि काहींवर तर उपायाचीही गरज नाही.

आणि ज्या बाळाच्या दोषावर खरोखरीच उपाय नाही त्याचे काय? ते बाळही आपलेच आहे. ते तासभर जगो की वर्षभर, त्यास नाव असावे, आईचे ऊर असावे, बाप्तिस्मा असावा. धर्मगुरू पोहोचण्यास उशीर होणार असेल व बाळाचे प्राण संकटात असतील, तर कोणीही मनुष्य, अगदी परधर्मीय नर्ससुद्धा, ख्रिस्तसभेच्या हेतूने त्याच्या मस्तकावर पाणी ओतून पवित्र त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. ज्या मातांनी असे मूल उदरात शेवटपर्यंत वाढविले, त्यांच्या मुखावर शोक आम्ही पाहिला आहे. परंतु आपण आपल्या मुलास टाकले नाही ही जी शांती त्यांस लाभते, तीही पाहिली आहे.

एक गोष्ट आणखी. १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगणे व विचारणे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. खुणेने, मिठाईच्या नावाने, किंवा ओळखीच्या नर्सकडूनही ते विचारू नये. जे यंत्र बाळांचे प्राण वाचविते, त्यानेच हजारो मुलींचे प्राण गेले आहेत. आमच्या घरांवर तो डाग असू नये.

व्यवहारात काय करावे

दिवस राहिल्याचे कळताच आशाताईंकडे अथवा उपकेंद्रात नाव नोंदवावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढील गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. त्याचा लाभ घ्यावा. पहिली सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत, आणि बाळाचे अवयव व वाहिन्या पाहण्याची मुख्य सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत करावी. "सातव्या महिन्यात माहेरी गेल्यावर करू" असे म्हणून ती पुढे ढकलू नये. मधुमेह असल्यास तो ताब्यात ठेवावा, आणि डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी घेऊ नये.

त्या तपासणीच्या वेळी पतीने सोबत जावे आणि डॉक्टरांस चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. नाळेत तीन वाहिन्या आहेत काय? नाळ वारेत कोठे रुजली आहे? गर्भाशयाच्या मुखाजवळ एखादी वाहिनी आहे काय? हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या रोहिणी नीट दिसल्या काय? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांस असे प्रश्न आवडतात. उत्तर मिळेल ते तेथेच लिहून घ्यावे आणि सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत.

ही तपासणी सर्वज्ञ नाही हेही ध्यानात असू द्यावे. बाळाची बसण्याची रीत, यंत्राची प्रत, पाहणाऱ्याचा अनुभव ह्यांवर पुष्कळ अवलंबून असते. महारोहिणीचे आखडलेपण तर जाणत्यांच्याही नजरेतून सुटते. म्हणून कागदावर "सर्व ठीक" असले तरी जन्मानंतर बाळाच्या पायास ऑक्सिमीटर लावून पाहण्यास सांगावे. २०२० च्या कोरोनाच्या साथीत घरोघरी बोटास लावीत असलेले ते यंत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. बाळासाठी त्याची छोटी पट्टी असते. ओठ व जीभ निळसर दिसणे, दूध पिताना घामाघूम होणे, श्वास फार जलद चालणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर दृष्ट काढीत न बसता रुग्णालय गाठावे.

दोष आढळला तर पहिले काम म्हणजे बाळंतपण कोठे करावयाचे हे निश्चित करणे. माहेरची रीत, सासरचा मान, ह्या गोष्टी तेव्हा बाजूस ठेवाव्यात. खर्चाच्या भीतीने कोणी मागे फिरू नये. जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. आणि धर्मग्रामातील इतरांनीही आपला वाटा उचलावा. रक्त देण्यास तयार असलेल्या तरुणांची यादी, रात्री-अपरात्री निघणारी एखादी गाडी, शहरातील नातलगाच्या घरी महिनाभर राहण्याची सोय, थोरल्या मुलांचे जेवणखाण, घरच्या जनावरांचे चारापाणी: एवढे शेजाऱ्यांनी सांभाळले तर अर्धे संकट टळते.

शेवटी सासूबाईंस व वडीलधाऱ्यांस एक विनंती. बाळाच्या वाहिन्या कशा घडतात हे गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच ठरून गेलेले असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचे कारण डॉक्टरांसही सापडत नाही. सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून, ती विहिरीवर गेली म्हणून, तिच्या माहेरच्यांचा पायगुण म्हणून बाळास दोष आला, असे शब्द ख्रिस्ती घरात निघू नयेत. त्या वेळी तीस धीराचा एक शब्द दहा औषधांच्या तोडीचा असतो.

गर्भवती एलिझाबेथीस भेटावयास पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून घाईने गेली, आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे शुभवर्तमान आपणांस सांगते. त्या घरात दोन बाळे होती, दोन्ही उदरातच. आणि त्यांतील एकाने दुसऱ्यास ओळखून उडी मारली. आपल्या धर्मग्रामातही ह्या घडीला काही माता दिवस मोजीत आहेत. त्यांपैकी कोणाच्या कागदावर उद्या एखादा अवघड शब्द येईल हे कोणास ठाऊक नाही. तो आला तर त्या घरी घाईने जाणारे, आणि जरूर तितके दिवस राहणारे, असे कोणी असावे. परमेश्वर त्या सर्व मातांस व त्यांच्या उदरातील बाळांस सुखरूप ठेवो, आणि संत जेरार्ड मजेला त्यांच्यासाठी मध्यस्थी करो.